गुरव सरांसाठी दोन मिनिटं

“दुखवट्याला आणखी कोण कोण?” मगदूम सरांनी चहाची ऑर्डर घ्यावी तसं स्टाफरूममध्ये विचारलं.

दुसऱ्या दिवशी नाताळच्या सुट्टीआधीची शेवटची स्टाफ मीटिंग होती. आमच्या कॉलेजात या मीटिंगचं फार प्रस्थ. वर्षभराच्या बातम्या तिथं रीतसर जाहीर व्हायच्या. कोण गेलं, कुणाला पीएच.डी. मिळाली, कुणाच्या मुलाचा नंबर लागला, कोण नोकरीत कायम झालं. आधी दुखवट्याचे ठराव, त्यासाठी सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं. मग अभिनंदनाचे ठराव, त्यासाठी टाळ्या, शाल आणि नारळ. शेवटी पेढे. मगदूम सर स्टाफ सेक्रेटरी होते आणि या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“अध्यक्षांच्या मावशी घेतल्या. माझे साडू घेतले. ग्रंथपालांच्या आत्याचे यजमान घेतले,” ते म्हणाले. “अजून कुणी?”

“गुरव सर,” मी म्हणाले.

“कोण?”

“शिवलिंग गुरव. वनस्पतिशास्त्र. तुम्ही आत्ता ज्या खुर्चीवर पिशवी ठेवलीय ना, त्या खुर्चीवर चौदा वर्षं बसायचे.”

मगदूम सरांनी पिशवी काही उचलली नाही. “अहो उगारे मॅडम, ते तासिकावाले होते.”

“मेल्यावरसुद्धा?”

“तसं नाही हो. ठराव स्टाफचे असतात. तासिकावाल्यांचा प्रघात नाही. उद्या तुम्ही म्हणाल, वॉचमनच्या सासूचा घ्या.”

दोघंतिघं हसले. कायम लोकांना कायम माणसाच्या विनोदावर हसावंच लागतं. मी हसले नाही, कारण मीही तासिकावालीच होते. तासिकावाला म्हणजे घंटा वाजली की मास्तर आणि घंटा संपली की कुणीच नाही. रजा नाही, पद नाही, दर जूनमध्ये नवी ऑर्डर. मी भूगोल शिकवायची, गुरव सर वनस्पतिशास्त्र. आम्हा दोघांना स्टाफरूमच्या कपाटात मिळून एक खण होता. त्यात माझे नकाशे आणि त्यांची वाळवलेली पानं असायची.

ते त्याच महिन्यात गेले होते. प्रॅक्टिकलसाठी झाडं आणायला म्हणून पहाटे मोटरसायकल घेऊन डोंगराकडे गेले. येताना रस्त्यावर धुकं होतं, पुढं उसाची ट्रॉली उभी होती आणि तिला मागचा दिवा नव्हता. त्यांच्या पिशवीतली झाडं रस्त्यावर पडली होती म्हणतात. कॉलेजनं त्या दिवशी प्रॅक्टिकल घेतलं. बागेतली जास्वंद तोडून आणली आणि भागवलं. प्राचार्य सरनोबत तेव्हा म्हणाले होते, अपघात तास सुरू व्हायच्या आधी झालाय, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या ते कॉलेजचे नव्हते. हे वाक्य त्यांनी अगदी हळू आवाजात उच्चारलं होतं. सरनोबत सरांचा आवाज कधीच चढायचा नाही, आणि त्याचीच मला जास्त चीड यायची.

दिवसकार्याला कॉलेजातून मी एकटी गेले. लोणारवाडी म्हणजे माळावरचं गाव, शंकराचं एक देऊळ आणि त्याची पूजाअर्चा गुरवांच्या घरात. सरांचे वडील आप्पा माझ्यासाठी घोंगडी अंथरून स्वतः जमिनीवर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आपल्याला कुणीतरी फसवलंय आणि कुणी ते कळत नाहीये, असा काहीसा चेहरा होता.

“बाई, त्येच्या कालेजातनं तुमी येकट्याच?”

“बाकीच्यांना सुट्टी मिळाली नाही, आप्पा.”

“व्हय, कालेज चालूच व्हतं म्हनं. तेच म्हंत्यात लोकं.” त्यांनी घोंगडीची सुरकुती हातानं सारखी केली. “आमच्या शाळंतलं गुरुजी वारलं तवा पोरं उभी केली, शाळा सोडली. आनि शिवा तर प्रोफेसर. त्यो गेला तरी कालेज चालूच? कट्ट्यावर म्हंत्यात, आप्पा, तुजं पोरगं थितं कारकून-बिरकून असंल. तुला उगंच प्रोफेसर म्हनून सांगितलं.”

“प्रोफेसरच होते ते. माझ्या शेजारी बसायचे.”

“मला ठावं हाय ओ. पर त्यास्नी काय दावू?” मग त्यांनी आवाज खाली आणला. घरात सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. “दोन मिन्टं तरी उभी ऱ्हायली का माणसं त्येच्या नावानं?”

“सुट्टीच्या आधी मोठी मीटिंग असते,” मी म्हणाले. “त्यात उभे राहतात सगळे. झालं की मी येऊन सांगते.”

शब्द देऊन बसले होते, म्हणून स्टाफरूममधून उठले ती तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

“मॅडम, तुमच्या भावना मला समजतात,” सरनोबत सर म्हणाले. “पण ठराव म्हणजे कागद. ‘आमचे प्राध्यापक’ असं एकदा लिहून गेलं की उद्या तुम्हीच लोक कोर्टात जाल, बघा म्हणाल, कॉलेजच मान्य करतंय.”

“मग लिहू नका. नुसते उभे राहा.”

“उद्या आनंदाचा प्रसंग आहे. आबासाहेब स्वतः येणार आहेत. वहिनीसाहेबांची नियुक्ती जाहीर करायचीय. कोणत्या विषयात, ते तुम्हाला माहीतच आहे. तिथं गुरवांचं नाव काढणं बरं दिसेल का?”

मला माहीत होतं. वनस्पतिशास्त्राची एक कायम जागा कित्येक वर्षांनी मंजूर झाली होती. मुलाखतीला गुरव सर बाहेरच्या बाकावर बसले होते आणि त्याच बाकावर मृणाल बसली होती. मृणाल ही आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची, आबासाहेबांची, धाकटी सून. त्याआधी ती गुरव सरांची विद्यार्थिनी होती, पण लग्न झाल्या दिवसापासून सगळा स्टाफ तिला वहिनीसाहेब म्हणू लागला. मगदूम सर तिच्या बापापेक्षा मोठे, तेसुद्धा. मुलाखतीचा निकाल काय लागणार हे त्या बाकालासुद्धा कळलं असेल. मी सरांवर भडकले होते तेव्हा. ते म्हणाले होते, “पोरगी हुशार आहे हो. मीच शिकवलंय.” असल्या बोलण्यानं मला जास्तच संताप आला होता.

“आणि मॅडम,” सरनोबत सर तितक्याच मऊ आवाजात म्हणाले, “तुमची ऑर्डर जूनमध्ये माझ्याच सहीनं निघते, याची मी तुम्हाला आठवण करून देत नाहीये.”

“दिलीत की,” मी म्हणाले आणि दार न लावता बाहेर पडले.

मीटिंग सेमिनार हॉलमध्ये होती. टेबलावर हिरवं कापड, फुलदाणी, शालींचा गठ्ठा, पेढ्यांचे बॉक्स. मध्ये आबासाहेब, शेजारी प्राचार्य, कडेला माईकपाशी मगदूम सर. पहिल्या रांगेत वहिनीसाहेब आणि आजूबाजूला ज्यांना ज्यांना त्यांच्या नजरेत राहायचं होतं ते सगळे. तासिकावाले मागच्या भिंतीला. मी मात्र त्या दिवशी मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची धरली होती.

मगदूम सरांनी दुखवट्याचे ठराव वाचले. मावशी झाल्या, साडू झाले, आत्याचे यजमान झाले. “तरी आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली अर्पण करावी.”

सगळे उठले. कुणी घड्याळाकडे बघत होतं, कुणी पेढ्यांकडे. ज्या बाईंना आबासाहेबांचं घर सोडलं तर हॉलमधल्या एकाही माणसानं पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी पन्नास माणसं माना खाली घालून उभी होती.

“बसा,” प्राचार्य म्हणाले. खुर्च्या सरकल्या. सगळे बसले.

मी बसले नाही.

ठरवून गेले होते असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. भांडायचं, बोलायचं एवढंच मनात होतं. पण उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की बोलायची गरजच नाही. दुखवट्यात कुणी उभं असेल तर दुखवटा संपत नाही. आणि दुखवटा संपल्याशिवाय टाळ्या कशा वाजवणार?

“उगारे मॅडम, झालं. बसा,” मगदूम सर माईकवरून म्हणाले.

मी मान खाली घालून उभीच.

“मॅडम, बसा ना.”

मागून कुणीतरी माझा पदर ओढला. शेजारच्या कुलकर्णी बाई दातओठ खात पुटपुटल्या, “अहो, शोभतं का हे? चांगल्या दिवशी?” पुढच्या रांगेतून एक जण वळून म्हणाला, “नाटकं करायला हीच वेळ सापडली?” मी पदर सोडवून घेतला आणि उभीच राहिले.

आबासाहेबांना थोडं कमी ऐकू यायचं. त्यांनी प्राचार्यांकडे झुकून मोठ्यानं विचारलं, “त्या बाई का उभ्या आहेत?”

“काही नाही आबासाहेब. तब्येत जरा…” सरनोबत सरांनी हातानंच मगदूमांना खूण केली. पुढं चला.

मगदूम सर पुढं चालले. एका पीएच.डी.चा ठराव झाला. टाळ्या वाजल्या, पण कशा, तर हळदीकुंकवाच्या घरात आजारी माणूस झोपलेलं असावं तशा. टाळी वाजवता वाजवता लोक माझ्याकडे बघायचे आणि हात आखडायचे. एकाच्या मुलाचा मेडिकलला नंबर लागला होता. तो बिचारा शाल घेऊन खाली उतरला तो माझ्याशेजारून जाताना नमस्कार करून गेला, काय करावं ते न सुचून. मगदूम सरांच्या कपाळावर घाम आला होता. डिसेंबरात. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

“आणि आता,” त्यांनी आवाज चढवला, “आजच्या दिवसातली सर्वांत आनंदाची बातमी. वनस्पतिशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक म्हणून आपल्या सर्वांच्या आदरणीय वहिनीसाहेबांची कायम नियुक्ती झालेली आहे. त्यांच्या अभिनंदनाचा ठराव मी मांडतो. वहिनीसाहेब, कृपया मंचावर यावं.”

या टाळ्या मात्र कडकडून वाजल्या. वहिनीसाहेब उठल्या. मगदूम सर शाल उलगडून हातावर घेऊन तयार राहिले.

वहिनीसाहेब उठल्या, पण पुढं गेल्या नाहीत. आपल्या खुर्चीपुढेच उभ्या राहिल्या.

“या ना वहिनीसाहेब.”

त्यांनी दोन्ही हात समोर बांधले आणि मान खाली घातली. मी मागून फक्त अंबाडा बघत होते. टाळ्या पातळ झाल्या, मग थांबल्या. हॉलमध्ये आता दोघी उभ्या होतो. एक मागं, एक पुढं.

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. वहिनीसाहेबांच्या शेजारी बसलेले जिमखान्याचे पाटील सर आधी इकडेतिकडे बघू लागले. अध्यक्षांची सून उभी आणि आपण बसलेले, हे त्यांच्या काही अंगवळणी नव्हतं. ते उठले. त्यांचं पाहून त्यांच्या शेजारचे उठले. पहिली रांग उठली म्हटल्यावर दुसरीला कळेना, आपण बसून राहिलो तर कुणाच्या डोळ्यांवर येऊ. दुसरी उठली. तिसरी उठली. कुलकर्णी बाई माझ्याशेजारी धडपडत उठल्या आणि माझ्याकडे बघायचं टाळू लागल्या. कशासाठी उठलोय हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. सगळा हॉल उभा राहिला.

आबासाहेबांनी समोर पाहिलं. सगळी माणसं उभी, माना खाली. त्यांनी मोठ्यानं विचारलं, “आता कोण गेलं?”

प्राचार्यांनी मिठाची गुळणी धरली होती. मगदूम सर शालीकडे बघत होते.

“माझे सर गेले, आबा,” मृणाल म्हणाली. “गुरव सर.”

“अरेरे,” आबासाहेब म्हणाले. कोण गुरव, हे त्यांनी विचारलं नाही. आठवड्यात दहा ठिकाणी दुखवट्याला जाणारा माणूस. त्यांनी टेबलावर हात टेकले, सराईतासारखे उठले आणि डोळे मिटले. अध्यक्षच उठल्यावर सरनोबत सर बसून काय करणार? तेही उठले. मगदूम सर उभेच होते, पण आता ते शाल हातावर घेऊन श्रद्धांजलीला उभे होते.

हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मावशींच्या वेळी नव्हती एवढी शांतता होती. भीतीनं का होईना, पण होती.

“ओम शांती,” शेवटी आबासाहेब म्हणाले आणि बसले. सगळे बसले. मीही बसले. मृणाल बसली ती शाल घ्यायला गेलीच नाही. मगदूम सरांनी ती घडी घालून परत गठ्ठ्यावर ठेवली आणि घाईघाईनं पेढे वाटायला सांगितले.

बाहेर पडताना मगदूम सरांनी मला दारात गाठलं. “झालं समाधान? इतिवृत्तात यातलं काहीही येणार नाही, लक्षात ठेवा.”

“इतिवृत्त वाचतं कोण?” मी म्हणाले.

मृणाल पोर्चमध्ये गाडीची वाट बघत उभी होती. तिला टाळून जायचं होतं, पण वाट तिथूनच होती.

“तुमच्यासाठी नव्हते उभी राहिले,” तीच म्हणाली.

“माहीत आहे.”

“सरांनी मला शिकवलं. नुसतं वर्गात नाही. मुलाखतीच्या आधी आठवडाभर ते आमच्याकडे येत होते. तुला काय येत नाही ते आधी सांग, म्हणायचे. ती जागा ते स्वतःसाठी मागतायत, हे मला बाकावर बसल्यावर कळलं.”

हे मला नवीन होतं. मला गुरव सरांचा असा राग आला की ते समोर असते तर मी त्यांना हलवून विचारलं असतं, अहो, तुम्हाला काही कळतं का.

“मग जागा सोडणार आहात?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. “नाही.”

“मग?”

“शाल घेतली नाही. तेवढंच जमलं मला.”

गाडी आली. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि ती बसून गेली. मला तिचा राग होता, आजही थोडा आहे. पण खोटं बोलली नाही बाई, हे मान्य करावं लागेल.

पुढच्या जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली नाही. निघणार नव्हतीच. मी नंतर दुसऱ्या गावी शाळेत लागले आणि तिथंच निवृत्त झाले.

पण त्याआधी, त्या मीटिंगनंतर नाताळची सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी लोणारवाडीची एसटी धरली. आप्पा देवळासमोरच्या कट्ट्यावर बसले होते. आजूबाजूला गावातले पाचसहा जण ऊन खात बसले होते. मला वाटलं, घरी चला म्हणावं आणि तिथं सांगावं. पण आप्पांनी तिथंच विचारलं, सगळ्यांसमोर, मुद्दाम मोठ्यानं.

“काय बाई, झाली का मीटिंग?”

“झाली, आप्पा.”

“उभी ऱ्हायली का माणसं?”

“राहिली.”

“किती?”

“सगळी. संस्थेचे अध्यक्ष आले होते, तेसुद्धा. त्यांच्या सूनबाई तर सगळ्यांच्या आधी उठल्या. माझे सर गेले, म्हणाल्या.”

कोण का उठलं, हे सांगायला मी काही लोणारवाडीला गेले नव्हते. आप्पांनी शेजारच्या माणसाकडे वळून पाहिलं. “आयकलंस?” म्हणाले. आप्पा परत माझ्याकडे वळले.

“आनि कालेज? बंद ठिवलं का न्हाई?”

“बंद आहे,” मी म्हणाले. “फाटकाचं कुलूप बघूनच इकडं आले.”

“आज बी?”

“आज पण. आठ दिवस उघडणार नाही.”

कट्ट्याच्या टोकाला एक जण बसला होता. त्याची पोरगी तालुक्याला कॉलेजात होती, हे मला दिवसकार्याच्या वेळी कळलं होतं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला नाताळची सुट्टी ठाऊक होती. मी त्याच्याकडे असं रोखून पाहिलं की त्यानं नजर खाली घेतली आणि तंबाखू मळायला काढली.

आप्पा हळूहळू उठले, धोतर झटकलं आणि कट्ट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आठ दिस कालेज बंद हाय. आमच्या शिवासाठी.”